बॉनेटखाली : गाडी ऑइल पितेय, इंजिन खोलू का?

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी १७ वर्षांची आहे, १ लाख ४० हजार किमी झालेत. सकाळी स्टार्ट मारला की मागून भस्सकन निळा धूर येतो, अर्ध्या मिनिटात गायब, मग दिवसभर काही नाही. हजार किमीला पाव लिटर ऑइल कमी होतं. मेकॅनिक म्हणतो इंजिन खोलून बोअर करू (म्हणजे सिलिंडर आतून घासून थोडा मोठा करू), नवे रिंग-पिस्टन टाकू. काय करू सर?

उत्तर : आधी त्याला पाना खाली ठेवायला सांगा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय हे बरोबर, पण ते कुठून येतंय हे धूर कधी येतो त्यावरून कळतं. तुमचा फक्त सकाळीच येतो ना? मग पहिला संशय व्हॉल्व्ह सीलवर. हे सील रबराचे असतात, वर्षानुवर्षं उष्णता खाऊन कडक होतात आणि रात्रभर गाडी उभी असली की हेडमधलं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातलं, ऑइल व्हॉल्व्हच्या दांडीवरून थेंब थेंब खाली सिलिंडरमध्ये उतरतं, सकाळी पहिल्या झटक्याला तेवढंच जळतं आणि संपतं. पिस्टन आणि सिलिंडरमधली फट बंद ठेवणाऱ्या रिंग गेल्या असत्या तर चढावर, ऍक्सिलरेटर दाबल्यावर धूर सुटून मागच्या गाडीवाल्याने शिव्या घातल्या असत्या.

तरी अंदाजावर जाऊ नका, कम्प्रेशन टेस्ट करून घ्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजून घ्या. इंजिन गरम, सगळे स्पार्क प्लग बाहेर, ऍक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवायचा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घ्यायचा, स्वतः उभं राहून, "सगळं ओके आहे साहेब" हे उत्तर चालणार नाही. समजा तीन सिलिंडर १७० पीएसआयच्या आसपास आणि एक ११० आला, तर त्या एकात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. आकडा चढला तर रिंग झिजल्यात कारण ऑइलने फट बुजली, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग). चारही आकडे चांगले आणि जवळपास सारखे आले तर बोअर कशाला करायचं? बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह सील हेड न उतरवता बदलता येतात, प्लगच्या भोकातून कम्प्रेसरची हवा भरून व्हॉल्व्ह वर धरून ठेवतात. इंजिनात साठणारे गॅस बाहेर काढणारा पीसीव्ही व्हॉल्व्हपण बघा, तो चोंदला की आतलं प्रेशर वाढतं आणि ऑइल मिळेल तिथून वाट काढतं. आणि पाव लिटरने घाबरू नका, काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये हजार किमीला अर्धा लिटरपर्यंत चालतं असं छापलेलं असतं. फक्त डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) दर आठवड्याला बघा, जुनी इंजिनं ऑइल पिऊन मरत नाहीत, पितंय हे माहीत असून न भरल्यामुळे मरतात.

प्रश्न : ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय जमलीय. हेड गॅस्केट गेली का?

उत्तर : रोज दोन-तीन किमीच चालवता का? तसं असेल तर इंजिन धड गरमच होत नाही, आतली वाफ झाकणाला थंड होऊन ऑइलमध्ये घोटली जाते. अर्धा-पाऊण तास हायवेला फिरवून आणा, साय पुसा, परत बघा. डिपस्टिकवरचं ऑइलसुद्धा दुधाळ चहासारखं दिसत असेल आणि कूलंट कमी होत असेल तर मात्र गाडी चालवू नका, सरळ टो करून न्या. रेडिएटरची कॅप गरम असताना कधीही उघडू नका, प्रेशरमुळे १०० डिग्रीच्या वर जाऊनही आतलं पाणी उकळत नसतं, कॅप फिरवली की सगळं तोंडावर. मी एकदा तापमानाचा काटा लालवर गेलेला असताना घाईघाईत गार पाणी ओतलं होतं, हात वाचला पण ऍल्युमिनियमचं हेड वाकलं. तेव्हापासून थर्मोस्टॅट, होजपाइप आणि फॅन या तीन गोष्टींवर मी गाडीच्या पॉलिशपेक्षा जास्त लक्ष देतो.

प्रश्न : टायमिंग बेल्ट दिसायला चांगला आहे, राहू देऊ का?

उत्तर : नाही. व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ ठेवणारा हा बेल्ट सांगून तुटत नाही आणि बऱ्याच इंजिनांत तो तुटला की पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आपटतात. मॅन्युअलमध्ये किमी आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात, जे आधी भरेल तेव्हा बदला, कमी चालणाऱ्या गाडीत वर्षंच आधी भरतात. सोबत टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही तेव्हाच टाका, नाहीतर सहा महिन्यांनी पंप गळायला लागला की परत तेवढंच सगळं उघडत बसाल.