चाकं बदलण्याआधी दाराची चौकट वाचा

वाचकांचे प्रश्न

चवथीआधी रंगाऱ्यांना उसंत नसते, चवथीनंतर टायरवाल्यांना. पाऊस ओसरू लागला की ज्याच्या त्याच्या डोक्यात गाडी सजवायचं येतं. यंदा आलेल्या पत्रांत स्पोर्ट्स कारच्या डिस्क, म्हणजे टायर चढतो ती धातूची रिंग, आणि टायर यांचेच प्रश्न जास्त आहेत, म्हणून हा अंक त्यांच्यासाठी. म्हापशात आयुष्यभर टायर उतरवण्या-चढवण्याचंच काम केलं, त्यामुळे या बाबतीत माझी मतं ठाम आहेत. सगळ्यांना ती गोड लागतील असं नाही.

प्रश्न : काका, मी जुनी बीएमडब्ल्यू झेड-फोर घेतली, ई-८९ मॉडेल. कंपनीच्या १८ इंची डिस्क आहेत. पुढे २२५/४० आर १८, मागे २५५/३५ आर १८, सगळे रनफ्लॅट, म्हणजे पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे. मला १९ इंची घालायच्या आहेत. एका दुकानदाराने ८.५ जे, ईटी ३५ अशा चार डिस्क दाखवल्या. टायर पुढे २२५/३५, मागे २५५/३०. गाडी थोडी उंच होऊन चोडणच्या फेरीबोटीवर चढताना खाली घासणार नाही, असं तो म्हणतो. घेऊ का?
— दोना पावलाचा एक वाचक

उत्तर : आधी फेरीबोटीचं बघू, कारण त्याचं उत्तर पाटी-पेन्सिलीने निघतं. २२५/४० आर १८ म्हणजे टायरची रुंदी २२५ मिलिमीटर आणि साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची तिच्या ४० टक्के, म्हणजे ९० मिलिमीटर. रिंग १८ इंचांची, म्हणजे ४५७.२ मिलिमीटर. रिंगेच्या वर ९०, खाली ९०. चाकाची पूर्ण उंची ६३७.२. आता २२५/३५ आर १९ चं असंच गणित मांडा, ६४०.१ येतात. फरक २.९ मिलिमीटर, त्यातला जमिनीकडचा अर्धा. म्हणजे गाडीचं नाक दीड मिलिमीटरही वर जात नाही. मागच्या बाजूला तर ६३५.७ चे ६३५.६ होतात. रायबंदरच्या धक्क्यावर गाडी आज जिथे घासते, तिथेच उद्याही घासेल. आणि उंची अशी जवळपास तीच राहायलाच हवी. चाक मोठं झालं तर स्पीडोमीटर चुकतो, आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांचा मेळ बिघडला की गाडी घसरू न देणारी यंत्रणा गोंधळते.

उंची तीच राहिली आणि रिंग वाढली, तर कमी काय झालं? रबर. पुढची साइडवॉल ९० वरून पावणेएकोणऐंशीवर आली, मागची ८९ वरून साडेशहात्तरवर. शोरूमच्या काचेत हे देखणं दिसतं, मान्य. पण आपल्याकडे डांबराची कड तुटून खाली तांबडी माती उघडी पडते, समोरून बस आली की चाक त्या कडेवरून उतरवावं लागतं. पावसात खड्डा लाल पाण्याने काठोकाठ भरतो, तो दोन बोटं खोल आहे की वीतभर, हे आत चाक गेल्यावरच कळतं. तिथे मार झेलायला साइडवॉलच असते. ती अपुरी पडली की टायरच्या आतले धागे तुटून बाजूला फुगा येतो, नाहीतर रिंगेची कड वाकते. रनफ्लॅटची साइडवॉल मुळातच जाड नि ताठ, त्यात ती आखूड झाली की खडखड वाढणारच. वाकलेली डिस्क तापवून, ठोकून सरळ करून देणारे आहेत. मी तशी डिस्क पुढच्या चाकाला लावत नाही, आणि वेल्डिंग केलेली तर कुठल्याच चाकाला नाही.

आता ईटीकडे या, कारण दुकानदार हे सांगत नाहीत. तुमच्या कंपनीच्या पुढच्या डिस्क ८ जे, ईटी २९ आणि मागच्या ८.५ जे, ईटी ४० असायला हव्यात. आकडे डिस्कच्या मागच्या अंगाला कोरलेले असतात, उतरवून खात्री करा. जे म्हणजे रिंगेची इंचांतली रुंदी. ईटी म्हणजे डिस्क हबला (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) जिथे टेकते ती जागा रिंगेच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेर आहे, ते माप. पुढे ८ जे, ईटी २९ काढून ८.५ जे, ईटी ३५ लावली, तर बाहेरची कड जागची हलत नाही म्हटलं तरी चालेल, पण आतली कड बारा मिलिमीटर आत सरकते, शॉकॲब्सॉर्बरच्या दिशेने. उभ्या गाडीत ठीक दिसेल. पूर्ण वळवलेल्या स्टीअरिंगवर, खड्ड्यात दबलेल्या चाकावर ती जागा उरते का, हे बघायचं. मागे तीच डिस्क पाच मिलिमीटर बाहेर येते. म्हणजे चार सारख्या डिस्क या गाडीला मुळात योग्य नाहीत. दुकानदाराकडे चार होत्या, त्याने चार दाखवल्या.

हबच्या भोकाचंही विचारा. तुमच्या गाडीचं ७२.६ मिलिमीटर. बाहेरून घेतलेल्या, कंपनीच्या नसलेल्या डिस्कचं भोक बहुतेकदा मोठं ठेवतात, म्हणजे ती अनेक गाड्यांना खपते. मग मधली फट भरायला योग्य मापाची बारीक कडी हवी. ती न घालता नुसत्या बोल्टांवर डिस्क आवळली तर ती मध्यावर बसेल याची खात्री नाही, आणि महामार्गावर स्टीअरिंग थरथरायला लागलं की तुम्ही पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करत बसाल.

माझा सल्ला विचाराल तर आहेत त्याच १८ इंची डिस्क ठेवा, रंग हवा तर पावडर कोटिंग करून घ्या, आणि वाचलेले सगळे पैसे चार उत्तम टायरांवर घाला. गाडी रस्त्याला जिथे टेकते ती चार तळव्यांएवढी जागा, बाकी सगळं तिच्या वर. पुढच्या टायरवर ८८ हा भारांक किंवा त्याहून मोठा असावा. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो. वेगाचं अक्षर डब्ल्यू असेल तर २७०, वाय असेल तर ३०० किलोमीटर. तेवढा वेग गोव्यात कुठे मारणार हा प्रश्न वेगळा, पण त्या अक्षराखालचा टायर उष्णताही कमी सोसतो.

रनफ्लॅट काढून साधे टायर घातले तर गाडी मऊ होते, मला ते आवडतं. मात्र तुमच्या गाडीत स्टेपनी नाही. चोर्ला घाटात रात्री पंक्चर झालं तर हवेचा छोटा पंप आणि पंक्चरचं द्रावण डिकीत असलंच पाहिजे. साइडवॉल फाटली असेल तर द्रावणाचा उपयोग नाही, टो-गाडी बोलवावी लागते. हे मान्य असेल तरच रनफ्लॅट सोडा, आणि सोडले तर चारही एकदम. नंतर अलाइनमेंट करून घ्या. या गाड्यांची मागची चाकं वरून किंचित आत कललेली असतात. बाहेरून नक्षी छान दिसते आणि आतली कड गुळगुळीत झालेली असते. लिफ्टवर घेऊन आत हात फिरवा.

प्रश्न : माझ्याकडे पोलो जीटी टीएसआय आहे. चुलत भावाकडे त्याच्या जुन्या स्कोडा लॉराच्या १७ इंची डिस्क पडून आहेत. दोन्ही गाड्या एकाच घराण्यातल्या, हबचं भोकही ५७.१ असंच जुळतं. पण बोल्ट बसत नाहीत. ॲडॉप्टर मिळतो म्हणे. आणि हो, पोलोला स्पोर्ट्स कार म्हटलेलं चालतं ना?
— वास्कोचा वाचक, वय २४

उत्तर : चालतं रे बाबा, तुझी गाडी आहे. भोक जुळतं म्हणूनच माणूस फसतो. पोलोचे पाच बोल्ट १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर आहेत, लॉराचे ११२ वर. म्हणजे प्रत्येक बोल्ट सहा मिलिमीटरने हुकतो. डोकं हलणारे जे बोल्ट मिळतात ते वर्तुळाच्या व्यासातला दोन-तीन मिलिमीटरचा फरक सांभाळतात, बारा नव्हे. कुणी भोक ओढून मोठं करून देतो म्हणाला तर तिथून निघ.

ॲडॉप्टर म्हणजे मध्ये बसणारी जाड चकती. ती साधारण २० मिलिमीटरच्या खाली मिळत नाही, कारण तिच्यात स्वतःचे आटे असतात. चाक तेवढं बाहेर येणार, चार माणसं बसली की टायर फेंडरला (चाकावरच्या पत्र्याला) लागणार, बेअरिंगवरचा भार वाढणार, आणि पावसात चिखल दारांवर उडणार. शिवाय चाक हबला धरून ठेवणारे सांधे एकाऐवजी दोन झाले. झुआरी पुलावर ट्रक ओलांडताना मला ते नको असतं.

त्यापेक्षा ५×१०० च्याच डिस्क शोध, १६ किंवा फार तर १७ इंची. १७ वर २०५/४५ घातलास तर चाकाची उंची ६१६ मिलिमीटर येते. जीटीच्या १९५/५५ आर १६ ची ६२१ होती, एवढा फरक चालतो. बोल्टाचं बूड मात्र बघ. तुमच्या कंपनीचे बोल्ट बुडाशी गोल असतात, बाहेरच्या बहुतेक डिस्कना शंकूसारखं बूड लागतं. गोल बोल्ट शंकूच्या भोकात घातला तर तो कडेवरच टेकतो, आवळल्यासारखा वाटतो नि हळूहळू ढिला होतो. दिवसाच्या शेवटी घाईघाईने बसवलेल्या गाड्यांत मी हे फार बघितलंय. बोल्ट आधी हाताने पूर्ण फिरव, मग आवळण्याचा जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने १२० न्यूटन-मीटर. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. हवेच्या गनने शेवटपर्यंत आवळू देऊ नकोस, पोरगा कितीही सराईत असला तरी.

भावाच्या डिस्क विकून टाक. लॉरावाला घेईल कुणी तरी.

प्रश्न : आमच्याकडे पोर्शे बॉक्स्टर आहे, यजमान परदेशी असल्यामुळे वर्षातून थोडीच चालते, पावसाळाभर तर शेडमध्येच. टायरांवर ३११६ असा आकडा आहे, नक्षी जवळजवळ नवी. डिस्कवर पांढरे डाग पडलेत. डिस्क बदलाव्या की टायर?
— आसगावच्या वाचक

उत्तर : ताई, टायर. ३११६ म्हणजे २०१६ सालचा ३१ वा आठवडा, त्या आठवड्यात ते बनले. रबर न चालवताही म्हातारं होतं. उन्हाने, हवेतल्या ओझोनने ते कडक पडतं. नक्षी खोल असली तरी ओल्या डांबराला चिकटत नाही. नखाने दाबून बघा, आणि साइडवॉल वाकते तिथल्या बारीक भेगा बघा. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यावेत, आणि दहाच्या पुढे ते ठेवूच नयेत. १.६ मिलिमीटर नक्षीची कायद्याची मर्यादा आहे, पण ती तुमच्या गाडीच्या कामाची नाही, तुमच्या टायरांना वयाने गाठलंय.

नवे घेताना साइडवॉलवर एन शून्य, एन एक असं काही तरी छापलेलं बघा. पोर्शेने त्या गाडीसाठी तपासून घेतलेल्या टायरची ती खूण. पुढे एन-चा नि मागे दुसराच, असं मिश्रण करू नका.

डाग समुद्राच्या खाऱ्या हवेचे. लॅकरला, म्हणजे वरच्या पारदर्शक थराला, एकदा टोचा पडला की मीठ आत शिरतं आणि खालून ॲल्युमिनियम फुलतं. आसगाव काय, वागातोर काय, सगळीकडे तेच. साध्या पाण्याने धुऊन, सुकवून ठेवा, ॲसिडवाला डिस्क क्लीनर लावू नका. लॅकर उखडलं असेल तर पुन्हा कोटिंग होतं, डिस्क फेकायची गरज नाही. शेडमध्ये ठेवताना हवा थोडी जास्त भरा आणि महिन्यातून एकदा गाडी हातभर पुढे-मागे करा, नाहीतर टायर एका जागी चपटे पडतात. उंदरांबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्याचं उत्तर इथे देत नाही, तो फार मोठा विषय आहे.

प्रश्न : बाहेरच्या डिस्क लावल्या तर पोलीस दंड करतात का? विमा?
— पर्वरी

उत्तर : मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं, की निर्मात्याने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी नोंदणीतला तपशील विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच कडक शब्दांत सांगितलं. म्हणून पहिला नियम, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर आणि मालकाचं पुस्तक वाचा. त्यात दिलेल्या टायरमापांच्या आत राहिलात तर तुम्हाला बोलायला जागा राहते. चाक फेंडरच्या बाहेर डोकावलं की ती जागा गेली. विमा कंपनीला डिस्कचं बिल देऊन लेखी कळवा. न कळवलेल्या डिस्क चोरीला गेल्या तर भरपाई मागताना अडचण येते, आणि अपघातानंतर सर्वेअर आधी चाकांकडेच बघतो.

प्रश्न : नायट्रोजन भरू का? आणि पावसात हवा कमी ठेवली तर पकड वाढते म्हणतात.
— मडगाव

उत्तर : साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. फुकट मिळाला तर घ्या.

दुसरं मात्र उलटं आहे, आणि धोक्याचं. पाण्यावर टायर तरंगायला लागण्याचा वेग हवेच्या दाबाबरोबर वाढतो. विमानांच्या टायरवर प्रयोग करून नासाच्या अभियंत्यांनी १९६३ मध्ये जे सूत्र मांडलं, त्यानुसार ३२ पीएसआयला तो वेग ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास येतो, २५ पीएसआयला ८३ च्या. नक्षी झिजलेली असेल आणि टायर रुंद असेल तर याहूनही आधी. मांडवीवरच्या अटल सेतूवर कडेला पाणी साचलेलं असताना रुंद टायरची गाडी घेऊन जाणाऱ्याने हे आकडे लक्षात ठेवावेत. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, चौकटीवर लिहिलेली तेवढीच भरा.