थप्पड काढून टाक

प्रिय,

तुझ्या कथेचा चौथा खर्डा काल रात्री वाचला आणि मी चिडले. पहिल्या खर्ड्यात तुझा नायक झोपायच्या वेळी 'डोळे दुखतील गं तुझे' म्हणायचा आणि दिवा मालवायचा. वाचत पडलेली त्याची बायको अंधारात, पुस्तकाच्या पानात बोट घालून तशीच पडून राहायची. आता तोच माणूस चौथ्या पानावर तिला थप्पड मारतो. ही थप्पड तू लिहिलेली नाहीस. 'ती घर का सोडते ते पटत नाही' असं म्हणणाऱ्यांनी ती तुझ्याकडून लिहून घेतली.

नवरा चांगला ठेव. मारणाऱ्याला सोडलं तर वाचक म्हणतो, बरं केलं, आणि पान उलटतो. त्यात तिच्या स्वातंत्र्याचा प्रश्नच येत नाही, फक्त सुटका होते. चांगल्या माणसाजवळही जीव गुदमरतो, हे लिहायला धाडस लागतं.

अमेरिकन लेखिका केट शोपँची १८९४ सालची छोटीशी गोष्ट आठव. नवरा अपघातात गेल्याची बातमी येते, बायको खोलीत एकटी बसते आणि हळूहळू तिच्या ओठांवर 'मोकळी' हा शब्द येतो. शोपँ त्याला दुष्ट करत नाही. त्याच्या चेहऱ्यावर आपल्यासाठी कायम प्रेमच होतं, हे ती बाई स्वतःच आठवते. म्हणून तर तो शब्द अंगावर येतो. (शेवटी नवरा जिवंत परततो आणि तीच मरते. हा शेवट मला कधीच पुरता पटला नाही, पण ते असो.) टागोरांच्या 'स्त्रीर पत्र' या कथेतली मृणाल १९१४ साली नवऱ्याला पत्र लिहिते, तेव्हा आधी कबूल करते की तुमच्या घरी खाण्यापिण्याची ददात नव्हती, तुमच्यातही दोष काढावा असं काही नव्हतं. आणि तरीही परत जात नाही. मरतही नाही, जगणार म्हणून ठणकावते. पंधरा वर्षांच्या संसारात ती चोरून कविता लिहायची, हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. तुझी ती दिव्याची जागा याच जातीची आहे. ती खोडावीशी वाटलीच कशी तुला?

मी खोडली होती, म्हणून ओरडतेय. माझ्या पहिल्या गाजलेल्या कथेतला नवरा दारुडा होता. कौतुक झालं, बक्षीस मिळालं. मावशीनं वाचून विचारलं, 'छान आहे. पण आमचे हे पीत नाहीत, हात उगारत नाहीत. मग मी काय करायचं?' मी हसले. चक्क हसले. पुढे कितीतरी वर्षांनी तिच्यासाठी कथा लिहिली, तेव्हा ती वाचायला उरली नव्हती.

ती कथा तीनदा परत आली. एका संपादकांनी कळवलं, 'नायिका कृतघ्न वाटते.' मी एक ओळही बदलली नाही. माझ्या कथांत काही घडत नाही असं लोक आजही म्हणतात. म्हणोत. दिवा विझतो, ते घडणं नव्हे का? हट्टी म्हण, पण या बाबतीत माझंच खरं आहे.

आणि घरचे वाचतील याची भीती मला सांगू नकोस. विभावरी शिरूरकरांना १९३३ साली टोपणनावाआड राहून लिहावं लागलं होतं. तुझं नाव तरी तुझं आहे.

थप्पड काढ. त्याला पुन्हा प्रेमळ कर, पहिल्यापेक्षा जास्तच. ती आजारी असताना तो रात्रभर उशाशी बसलेला दाखव. मग त्याच हातानं दिवा मालवू दे. ती का गेली, हे कुणाला समजावून सांगायला बसू नकोस. पानात अडकलेलं तिचं बोट आधी नीट दाखव, तेवढ्याला हवी तितकी पानं घे.

सोमवारपर्यंत पाठव. आणि पहिला खर्डा फाडला नसशील, तर तोही.

तुझी,
ताई