डोक्याला मार लागल्यावर: गोळ्या, चुंबक आणि पहिले काही तास

मुलगा मोटारसायकलवरून पडला. सीटी स्कॅन नॉर्मल आहे, चार टाके पडले. मेडिकलवाल्याने मेंदूच्या रक्षणासाठी म्हणून अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या दिल्या. सुरू कराव्यात का? (रावेर)

माझं उत्तर 'नको' असं आहे. पण गोळ्यांमागचा विचार खोटा नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीरातला सुमारे २० टक्के प्राणवायू तो एकटा वापरतो. डोकं आपटतं त्या क्षणी पहिली इजा होते. दुसरी इजा त्यानंतर कित्येक तास, कधी काही दिवस आतल्या आत चालू राहते. पेशींची ऊर्जा बनवणारी यंत्रणा बिघडते, फ्री रॅडिकल्स नावाचे घातक कण सुटतात आणि पेशींच्या आवरणातल्या मेदाची नासाडी करतात. ही दुसरी इजा अँटिऑक्सिडंटने थोपवावी, असा हा विचार.

प्राण्यांमध्ये ते बरंचसं साधलं, माणसांत मात्र नाही. १९९० च्या दशकात टिरिलाझाड आणि पेग-एसओडी ही अँटिऑक्सिडंट औषधं डोक्याच्या इजेच्या मोठ्या चाचण्यांत टिकली नाहीत. पक्षाघातासाठीच्या एनएक्सवाय-०५९ या अशाच औषधाने २००६ मध्ये आशा दाखवली, २००७ च्या त्याहून मोठ्या चाचणीत तीही मावळली. उंदराला औषध मिनिटांत टोचता येतं. आपला जखमी यावलच्या रस्त्यावरून दवाखान्यात पोहोचेपर्यंत तास उलटलेला असतो. शिवाय रक्तातलं औषध मेंदूत सहजी शिरत नाही.

एक अपवाद नोंदवण्यासारखा आहे. स्फोटात सौम्य इजा झालेल्या ८१ सैनिकांवरचा एन-असिटिलसिस्टीन या अँटिऑक्सिडंट औषधाचा अभ्यास २०१३ मध्ये आला. २४ तासांच्या आत औषध मिळालेल्यांना जास्त फायदा दिसला. अभ्यास लहान आहे, तेवढ्यावर सरसकट गोळ्या लिहून देता येत नाहीत. आणि मोठ्या डोसातलं व्हिटॅमिन ई तर रक्तस्रावाचा धोका वाढवतं. मार ताजा असताना ते अजिबात नको.

मग हळदीचं दूध, केळी, अंबाडीची भाजी? (चोपडा)

रोजच्या जेवणात जरूर घ्या. हळदीतलं कर्क्युमिन मात्र आतड्यातून फारच कमी शोषलं जातं, त्यामुळे त्यावर उपचाराची भिस्त ठेवू नका. आणि गुंगीत असलेल्या जखमीच्या तोंडात दूधच काय, पाण्याचा घोटही घालू नका. तो श्वासनलिकेत जातो.

यात्रेत मेंदूसाठी चुंबकीय टोपी विकायला होती. वडिलांना पडल्यापासून चक्कर येते. घ्यावी का? (शिरपूर)

पैसे वाचवा, वडिलांना न्यूरोलॉजिस्टला दाखवा. चुंबकीय क्षेत्र सतत बदलत असेल तरच मेंदूत वीजप्रवाह निर्माण होतो. टोपीत शिवलेला चुंबक स्थिर असतो, त्याने तसं काहीच होत नाही.

बदलत्या क्षेत्राचे उपचार खरे आहेत. न जुळणाऱ्या हाडांसाठी अमेरिकेत १९७९ मध्ये त्यांना मान्यता मिळाली. १९८५ मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी कवटी न उघडता मेंदू उद्दीपित करून दाखवला; त्यातूनच नैराश्यावरचा टीएमएस (बदलत्या चुंबकीय क्षेत्राने मेंदू उद्दीपित करण्याचा) उपचार आला. इजा झालेल्या मेंदूवर अशा क्षेत्रांनी सूज कमी होते, हे प्राण्यांत दिसलं आहे. माणसांतलं काम अजून लहान गटांपुरतंच आहे. मार लागलेल्या मेंदूत टीएमएसने आकडीचा (फिटचा) झटका येऊ शकतो, तेव्हा ते तज्ज्ञाच्या देखरेखीतच करायचं. वडिलांना पेसमेकर असेल तर टोपी घरातही आणू नका.

काका ट्रॅक्टरवरून पडले, उठून बसले, 'आते बरं शे' म्हणाले आणि झोपले. पहाटे बेशुद्ध सापडले, ऑपरेशनने वाचले. आधी एखादं इंजेक्शन दिलं असतं तर? (अमळनेर)

काका वाचले, फार बरं वाटलं. तुम्ही लिहिलंय त्यावरून कवटीच्या आत हळूहळू रक्त साचलं असावं. अशा वेळी माणूस मध्ये काही काळ अगदी ठणठणीत दिसतो आणि घरचे निर्धास्त होतात. वाढती डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, एका डोळ्याच्या बाहुलीचा आकार मोठा होणं, बोलण्यात गोंधळ, यांतलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट पाहू नका.

ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड नावाचं रक्तस्राव आटोक्यात आणणारं इंजेक्शन आहे. २०१९ च्या क्रॅश-३ चाचणीत सौम्य ते मध्यम इजेत पहिल्या ३ तासांत दिल्यास मृत्यू कमी झाले. पूर्वी सर्रास दिली जाणारी स्टेरॉइड्स मात्र मृत्यू वाढवतात, हे २००४ मध्येच सिद्ध झालं. तरी कुणी सुचवलीच तर नम्रपणे नकार द्या.

रस्त्यावर अनोळखी जखमी दिसला तर पोलिसांच्या भीतीने पुढे जाऊ नका; २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. १०८ वर फोन करा. माणूस किती वाजता पडला आणि तो रक्त पातळ करणारी गोळी घेतो का, एवढं डॉक्टरांना आधी सांगा.