पाय टेकव

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचून लगेच लिहायला बसले होते, पण हात आवरला. रागाच्या भरात लिहिलेलं पत्र तुझ्या कामाचं नव्हतं. राग अजून आहेच, पण आता तो तुझ्यापर्यंत नीट पोचवता येईल.

सायकलच्या गटाबरोबर खडकवासल्याहून परतताना सिंहगड रस्त्यावरच्या चौकात दिवा लाल झाला. तू ब्रेक दाबलास, मागचा तुझ्या चाकावर येता येता वाचला आणि सगळ्यांदेखत तुला झापून गेला. बाकीचा गट झेब्रावर उतरलेल्या आजोबांच्या दोन्ही बाजूंनी निघून गेला. आजोबा ओरडले ते मात्र तुझ्यावर, कारण ऐकायला थांबलेली तू एकटीच होतीस. आता गटप्रमुख म्हणतो, गटात अचानक थांबणं जास्त धोक्याचं, तुला अजून ग्रुप रायडिंग येत नाही. आणि तू मला विचारतेस, ‘काकू, चूक माझी होती का?’

नाही. चूक तुझी नव्हती. पण मागचा तुझ्या अंगावर का आला ते समजून घे, नाहीतर पुढच्या वेळी खरंच कोणीतरी पडेल आणि त्याचं बिल तुझ्या थांबण्यावर फाडलं जाईल.

चाकाला चाक लावून चाललं की पुढच्याच्या आडोशाने वारा कमी लागतो, पुष्कळ श्रम वाचतात. त्या बदल्यात मागच्याला रस्ता दिसेनासा होतो. त्याला दिसतं फक्त पुढचं चाक. म्हणून दिवा बघायचं काम पुढच्याचं, आणि तो मागे कळवायचं कामही त्याचंच. चौक जवळ आला की दिवा हिरवा असला तरी पायडल थांबवायचं, हात खाली करून तळवा मागे दाखवायचा, ‘सिग्नल’ म्हणून खणखणीत आवाज द्यायचा, मधलं अंतर वाढू द्यायचं. शहरात शिरल्यावर तर चाकाला चाक लावायचंच नाही. वारीत दिंडी चालताना बघितली आहेस ना? पुढचे थांबले की मागची शेकडो माणसं एकमेकांवर न आदळता थांबतात, कारण थांबणं हा चालण्याचाच भाग आहे हे प्रत्येकाला ठाऊक असतं. वीस जणांच्या गटाला ते जमत नसेल तर तुम्ही शर्यत लावताय, आणि शर्यतीसाठी रस्ता बंद करून घ्यावा लागतो, त्याची परवानगी काढावी लागते.

शिवाय लाल दिवा अचानक येत नाही. आधी पिवळा येतो. कित्येक चौकांत तर उरलेले सेकंद मोजून दाखवतात. तेव्हा ‘अचानक थांबली’ ही तक्रार मी मानत नाही. पुढच्याला थांबायचंच नव्हतं, म्हणून त्याने मागे कळवलं नाही.

माझं सांगणं एवढंच आहे. लाल दिव्याला पाय टेकव. वेग कमी करून डावी-उजवी बघत पुढे सरकू नकोस. क्लीट, म्हणजे बूट पायडलला अडकवणारी खटकी, काढायचा कंटाळा म्हणून झेब्रावर सायकल डुलवत तोल सांभाळू नकोस. पांढऱ्या रेषेच्या अलीकडे उभी राहा आणि एक पाय जमिनीला लाव. पाय टेकला की पुढे घुसायचा मोह जातो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे समोरून ओलांडणाऱ्याला कळतं की ही थांबली आहे, आता मी जाऊ शकतो. त्याला हे कळणं हा त्याचा हक्क आहे.

तुमच्या गटातल्या मुलांना हे का समजत नाही, याचा मी खूप विचार केला आहे. मला वाटतं, त्यांनी त्या आजोबांच्या जागी स्वतःला कधी उभंच केलेलं नाही. ताशी ३० चा वेग म्हणजे सेकंदाला सव्वाआठ मीटर. सत्तरीचा माणूस सेकंदाला जेमतेम एक मीटर चालतो. दुभाजकापर्यंतचे सात मीटर ओलांडायला त्याला सात-आठ सेकंद लागतात. तेवढ्यात साठ मीटरवरचा तुमचा गट त्याच्यापर्यंत येऊन पोचतो, आणि साठ मीटरवरची सायकल त्याला ऐकू येत नाही. म्हातारी माणसं पुष्कळदा कानांनी रस्ता ओलांडतात. बस, रिक्षा, मोटार, सगळ्यांची चाहूल लागते. चांगलं तेलपाणी केलेली सायकल मात्र अंगावर येईपर्यंत गप्प असते. मग ती दोन्ही बाजूंनी सुसाट गेली तर माणसाने सरकायचं कुठे? त्या वयात नुसतं दचकून पडलं तरी खुब्याचं हाड मोडतं, आणि काही जण त्यानंतर अंथरुणातून उठतच नाहीत. ‘आम्ही त्यांना धक्कासुद्धा लावला नाही’ हे वाक्य गटात कोणी उच्चारलं असेल तर त्याला हे वाचून दाखव.

दुसरं वाक्यही ठरलेलं आहे, ‘मारतात ते गाडीवाले, आपण कोणाला मारणार?’ २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, असं केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती आणि साडेचार हजारांहून अधिक सायकलवरची. ती सायकलींखाली गेली नाहीत, हे मलाही कळतं. मोटार जास्त धोकादायक आहे, यात वादच नाही. पण याचा अर्थ असा की पायी चालणारा आणि आपण एकाच बाजूला उभे आहोत. मोटारींच्या धाकाने आधीच जीव मुठीत धरून चालणाऱ्याला आपणही घाबरवायचं? ट्रकवाला आपल्याला कट मारून गेला की आपण त्याचे व्हिडिओ टाकतो. झेब्रावर आपण तेच करतो तेव्हा कॅमेरा कुठे असतो?

कोणीतरी तुला अमेरिकेचा दाखला दिला म्हणे, तिथे सायकलवाल्यांना लाल दिवा तोडायची मुभा आहे. अर्धवट माहिती. आयडाहो राज्याने १९८२ साली सायकलींसाठी वेगळा नियम केला. थांबा अशी पाटी असेल तिथे वेग कमी करून, दुसऱ्याचा हक्क असेल तर त्याला आधी जाऊ देऊन, सायकल पुढे जाऊ शकते. लाल दिव्याला मात्र तिथेही आधी पूर्ण थांबायचं असतं, मग रस्ता मोकळा असेल तर निघायचं. पूर्ण थांबायचं म्हणजे काय, तर पाय टेकायचा. नेदरलँड्सचं कौतुक करताना तिथली अकरा-बारा वर्षांची मुलं शाळेत रहदारीची परीक्षा देतात, हेही सांगत जा म्हणावं.

आणि ‘सायकलला लायसन नाही, नंबरप्लेट नाही, मग कायदा कसला?’ याचं उत्तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये आहे. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकणारा आणि स्वारी करणारा, दोघेही त्यात येतात. सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत हेच कलम २७९ होतं. पण तू कायद्याच्या धाकाने थांबावंस असं मला वाटत नाही. चौकातला कॅमेरा आपला नंबर टिपू शकत नाही, म्हणून तर आपण आपणहून थांबायचं.

मी नोकरीला लागले तेव्हा पुण्यात सायकल ही हौस नव्हती, पोटापाण्याचं वाहन होतं. रात्री दिवा नसेल तर पोलीस अडवायचा. डबलसीट दिसली की चाकातली हवा सोडायचा, आणि पंक्चरचं दुकान सापडेपर्यंत सायकल हातात धरून चालावं लागायचं. सायकलीला बिल्ला लावावा लागे, त्याचे पैसे भरावे लागत. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की सायकलींचा लोंढा रस्त्यावर यायचा, आणि पोलिसाने हात आडवा केला की सगळ्यांचे पाय टेकायचे. त्या कामगारांना घरी जायची घाई तुमच्यापेक्षा कमी नव्हती. त्यांच्या अंगावर लायक्राही नव्हतं आणि मनगटावर घड्याळातला कोच नव्हता, पण रस्ता आपल्या एकट्याचा नाही एवढं त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. आज लाखाची सायकल घेणाऱ्याला ते शिकवावं लागतं, याचा मला मनापासून संताप येतो.

संताप सरसकट नाही, हेही लिहून ठेवते. वारज्याच्या बाजूला हायवेच्या कडेने रात्रपाळीचे वॉचमन, गवंडी उलट्या बाजूने सायकल चालवत येतात. दुभाजकातली फट लांब असते, आणि सरळ बाजूने जायचं तर ट्रकांच्या मधून रस्ता ओलांडावा लागतो. त्यांना मी हळू जा म्हणते, दिवा लावा म्हणते, पण त्यांच्यावर ओरडत नाही. त्यांच्यासाठी रस्ताच कोणी बांधलेला नाही. तुमच्या गटाची गोष्ट वेगळी. तुम्हाला कुठेही वेळेवर पोचायचं नव्हतं, पोह्यांच्या गाडीशिवाय.

मी जुना गट का सोडला हे तू कधी विचारलं नाहीस. आज सांगते. आम्ही मोजक्या जणांनी तो सुरू केला होता. गट मोठा झाला तशी गती वाढली, आणि चौकात थांबणारी मी मागे पडू लागले. आधी ते पुढे जाऊन वाट बघायचे. मग ‘काकू येतील मागून’ असं म्हणायला लागले. शेवटी मी बैठकीत मागणी केली की जो सिग्नल तोडेल त्याने पुढच्या रविवारी यायचं नाही, आणि हे लेखी ठरवा. सगळे म्हणाले, एवढं ताणू नका. जिच्याबरोबर मी २०० पासून ६०० किलोमीटरपर्यंतच्या सगळ्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, केल्या, रात्री-अपरात्री धाब्यांवर जिच्या खांद्याला डोकं टेकून झोपले, ती मैत्रीणही गप्प बसली. तिने माझ्या विरोधात बोललं असतं तरी चाललं असतं. गप्प बसली, ते अजून खुपतं.

लोक म्हणतात, मी एका दिव्यापायी मैत्री तोडली. मला विचारशील तर माझं काहीएक चुकलं नाही. किती रविवार गेले, तिच्यासारखी सोबत पुन्हा मिळाली नाही, कात्रजचा घाट एकटीने चढताना हे रोज आठवतं. पण नमतं घ्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं? अर्धा पाय टेकायचा? रविवारी तोडायचा आणि सोमवारी पाळायचा? आणि वेळ वाया जातो म्हणावं तर तेही खरं नाही. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास असतात. वाटेत दीड-दीड मिनिटाचे पंधरा सिग्नल लागले तरी बावीस-तेवीस मिनिटं होतात. चहाला आपण त्याहून जास्त वेळ बसतो. शिवाय रहदारीचे नियम पाळणं ही ब्रेव्हेच्या नियमांतलीच अट आहे, रात्री पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारं जाकीट असावं लागतं तशीच. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या फ्रान्समधल्या ब्रेव्हेचे १२०० किलोमीटर करणाऱ्यांनाही तीच लागू आहे. तेव्हा वेगवान सायकलवाले थांबत नसतात, असं तुला कोणी सांगितलं तर ऐकू नकोस.

महापालिकेने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला. तो रस्त्यावर उतरावा म्हणून आमच्यासारखी माणसं बैठकांना जातात, तेव्हा समोरून हमखास प्रश्न येतो, ‘तुमचे लोक सिग्नल तरी पाळतात का?’ प्रश्न अन्यायाचा आहे. मोटारींसाठी पूल बांधताना हे कोणी विचारत नाही. सुरक्षित वाट हे चांगल्या वागणुकीचं बक्षीस नव्हे. हे सगळं मी तिथे बोलते, पण बोलताना गेल्या रविवारचा तुमचा चौक डोळ्यांपुढे असेल तर आवाज चढत नाही. तुम्ही माझ्या हातातलं बळ काढून घेता.

आता कामाचं. शनिवारीच गटप्रमुखाला फोन कर आणि सांग, मी प्रत्येक लाल दिव्याला पाय टेकणार आहे. चारचौघांत सांगू नकोस, त्याला कमीपणा वाटेल. पहाटे पिवळा दिवा लुकलुकत असेल तिथे वेग कमी करून, बघून जायचं, एवढीच सूट. रविवारी सगळ्यांत मागे राहा, म्हणजे तुझ्या थांबण्याने कोणी पडणार नाही. सिंहगडाच्या उतारावर कोणाशी बरोबरी करू नकोस. त्या वळणांवर पायी चढणारी माणसं असतात, दही-ताक विकणाऱ्या बायका असतात, आणि ताशी ५० च्या वेगात वळणापलीकडचं काही दिसत नाही. कानात काही घालू नकोस. तुझ्याबरोबर आणखी एक जण जरी थांबला तरी टिकून राहा. कोणीच थांबलं नाही आणि पुढे चिडवायला लागले, तर गट सोड. सोबत नसली की पहिले काही महिने जड जातात, ते मी लपवत नाही. मी पहाटे साडेपाचला वारज्याच्या पुलाखाली असते.

तुझी,
काकू

ता. क. तू पाठवलेल्या फोटोत सायकलला घंटी दिसली नाही. वजन वाढतं म्हणून काढली असशील तर तीस-चाळीस ग्रॅमसाठी काढलीस. उद्याच्या उद्या बसव, आणि माणूस दिसला की वीस-पंचवीस मीटर आधी वाजव. पाठीशी जाऊन वाजवली तर ती ऐकणाऱ्याला शिवीसारखी लागते. पायडलवरचा, क्लीटची पकड ठरवणारा स्क्रूही दुकानातून सैल करून घे, म्हणजे पाय सहज सुटेल.