वाचक विचारतात: काळ्या जमिनीत खाली घर बांधू का?

या वेळी घरबांधणीची पत्रं खूप आलीत आणि बहुतेक सगळी उन्हावरच आहेत, मे महिन्यात खान्देशातून दुसरं काय येणार. पहिल्या पत्राचं उत्तर मुद्दाम लांब लिहिलंय, कारण त्यात एका घराची आयुष्यभराची कमाई लागणार आहे.

प्रश्न: साहेब, आमचं शेत यावल तालुक्यात, केळीचं. गावातलं जुनं धाब्याचं घर पडायला आलं म्हणून शेतात नवीन बांधायचं चाललंय. मोबाईलवर परदेशातल्या जमिनीखालच्या काँक्रीटच्या घरांचे व्हिडिओ पाहिले, ते म्हणतात आत बाराही महिने गारवा, लाईट बिल जवळजवळ नाहीच. आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, रात्री एक वाजला तरी स्लॅब गरम, पोरं अंगणात झोपतात. म्हणून विचार असा की १० फूट खोदायचं, आरसीसीचा डबा करायचा, वर ३ फूट माती आणि त्यावर बाग. माती अस्सल काळी. माझी माय म्हणते, "जित्ता माणूस जमीनमा कसाले राही?" तुम्हीच सांगा.

उत्तर: भाऊ, गारव्याचं गणित खरं आहे, आधी ते सांगतो. तुमच्या बोअरची मोटर चालू केली की थंडीत पाणी कोमट लागतं आणि मे मध्ये गार लागतं, बरोबर? पाणी तेच असतं, आपलं अंग आणि बाहेरची हवा बदललेली असते. जमीन खोलवर वर्षभराच्या सरासरी तापमानाला टिकून राहते, आपल्याकडे ते साधारण २७-२८ अंश धरा. १० फुटावर थोडाफार चढउतार असतो पण तोही उशिरा पोचतो, मे चं ऊन तिथे जाईपर्यंत ऑगस्ट येतो. म्हणजे बाहेर ४५ असताना मातीला टेकलेली भिंत गारच राहते. पण व्हिडिओतली घरं थंड मुलखातली असतात, तिकडची जमीनच १०-१२ अंशाची, म्हणून तिकडे एसीचा विषयच निघत नाही. आपल्याकडे पंखा लागणारच, फक्त एसीशिवाय झोप लागेल इतका फरक नक्की पडतो.

आता अडचण, आणि ती तुमच्या एका वाक्यात आहे: माती अस्सल काळी. काळी माती उन्हाळ्यात आकसते, तिच्या भेगांत हात जातो हे तुम्ही रोज बघता, आणि पाऊस पडला की तीच माती फुगते. फुगताना ती भिंतीला आत ढकलते आणि त्यात पाणी साचलं तर पाण्याचा दाब वेगळा, १ मीटर उंच पाणी साचलं की तळाशी दर चौरस मीटरला १००० किलो.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. जळगावजवळच्या एका साईटवर, मी तेव्हा नवीन होतो, ठेकेदाराने तळघराच्या भिंती ओतल्या आणि वरचा स्लॅब पडायच्या आधीच खोदलेली काळी माती जेसीबीने मागे लोटून दिली, जागा अडतेय म्हणून. जूनच्या दुसऱ्या पावसानंतर मी खाली उतरलो तर भिंतीच्या मधोमध आडवी चीर, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, तिच्यात रुपयाचं नाणं उभं जात होतं, आणि ओळंबा सोडला तर भिंत आत झुकलेली. ती भिंत शेवटी तोडावी लागली. चूक दोन गोष्टींची होती, एक म्हणजे स्लॅब नसताना भिंतीला वरून टेकूच नव्हता, आणि दुसरी म्हणजे भरावात तीच काळी माती. त्या दिवसापासून मी सगळ्यांना सांगतो की आधी स्लॅब, मग २८ दिवस, मग भराव, आणि भिंतीलगत किमान दीड-दोन फूट फक्त मुरूम आणि गिट्टी, काळी माती त्याच्या पलीकडे.

पाण्याचं दुसरं बघा. यावलकडे तापीच्या गाळाचा पट्टा आहे, शेजारच्या विहिरीचं पाणी सप्टेंबरात किती वर येतं ते या वर्षी दोरीने मोजा, सोबत शेजाऱ्यांना मागच्या चांगल्या पावसाचंही विचारा. पाणी जमिनीपासून १५-२० फुटांच्या आत येत असेल तर १० फूट खोदायचा विषयच सोडा, राफ्टखाली, म्हणजे घराखालच्या सलग काँक्रीटच्या पायाखाली, पाणी आलं की रिकाम्या टाकीसारखं घर वर उचलायला बघतं आणि पंपावर भरवसा ठेवावा तर जोराच्या पावसात लाईट हमखास जाते.

आता वरची माती. ओली माती १ फूट जाडीला दर चौरस मीटर ६०० किलोच्या आसपास भरते, म्हणजे तुमचे ३ फूट झाले १८०० किलो. साध्या घराचा स्लॅब आपण २०० किलोचा वापराचा भार धरून काढतो, यावरून लोखंड किती वाढेल ते बघा. आणि एवढं करून गारवा किती, तर २ इंचाचा एक्सपीएस बोर्ड (कडक फोमचा, उष्णता अडवणारा) जेवढी उष्णता अडवतो तेवढी अडवायला ३ ते ५ फूट माती लागते. नुसतं काँक्रीट तर उष्णता अडवतच नाही, दुपारी पिऊन ठेवतं आणि रात्री तुमच्या अंगावर सोडतं, रात्री एकला स्लॅब गरम तो यामुळेच.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. खाली जाऊ नका, माती वर आणा. जोतं जमिनीच्या वरच ठेवा, पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंती आरसीसीच्या करून त्यांच्यावर बाहेरून मातीचा उतार चढवा, खिडकीची वरची कड असते तेवढ्या उंचीपर्यंत जाईल असा, उत्तर आणि पूर्व मोकळ्या ठेवा. दुपारचं ऊन पश्चिमेच्या भिंतीला मारतं, तीच झाकली जाते. १० फुटावरचा गारवा यात पूर्ण मिळणार नाही, पण दिवसाचा तडाखा गेला की निम्मं काम झालं. भिंतीला माती लावायच्या आधी बाहेरच्या बाजूने डांबरी मेंब्रेन, त्यावर संरक्षण म्हणून बोर्ड, पायथ्याशी भोकं पाडलेला पाईप गिट्टीत, उताराने बांधाच्या चारीत सोडलेला. भिंतीच्या वरच्या ३-४ फुटांना बाहेरून एक्सपीएस लावा कारण वरची माती तापते, खालच्या भागाला लावू नका, तिथे जमिनीचा गारवा आपल्याला हवाच आहे. पाया मात्र काळ्या थराखाली मुरमातच गेला पाहिजे, किती खोल ते खड्डा खणून बघा. छतावर वॉटरप्रूफिंग, त्यावर एक्सपीएस, त्यावर कोबा आणि पांढरा रंग. खोदकाम आणि ३ फूट मातीचं लोखंड वाचतं ते इथे घाला.

तुमच्या धाब्याच्या घरात मातीच्या जाड भिंती आणि लाकडावर मातीचं छत, हेच तत्त्व होतं, दरवर्षी पावसाआधी वर खारी माती पसरायची ती वॉटरप्रूफिंग म्हणूनच. पाडायच्या आधी मे च्या दुपारी आतल्या खोलीत थर्मामीटर ठेवून बघा आणि आकडा लिहून ठेवा, नवीन घराची तुलना करता येईल.

आणि माय बरोबर बोलते. जुन्या काळी पेवात, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यात, माणूस उतरायच्या आधी तोंड उघडून हवा खेळू द्यायचे, दिवा सोडून बघायचे, कारण खाली वाईट हवा साठते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड आहे, गळला तर तळघरातच बसून राहतो आणि बाहेर जायला वाट नसते, म्हणून सिलेंडर आणि शेगडी जमिनीच्या खाली कधीच नको. बाहेर पडायला दोन वाटा हव्यातच. नियमांचंही आहे, तळघर म्हणजे पार्किंग किंवा सामान असं धरतात, राहायच्या खोल्यांना साधारणपणे परवानगी मिळत नाही, आणि शेतात बांधताय म्हणून आधी कागद बघा.

प्रश्न: शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी उतारावर जागा आहे, वर मुरूम आणि खाली खडक. टेकडीत अर्धं घर शिरवता येईल का?

उत्तर: ताई, तुम्हाला मी मनापासून हो म्हणेन. मुरूम फुगत नाही, पाणी उताराने आपोआप जातं, मागची खोली टेकडीत आणि पुढची बाजू उघडी, अशी जागा नशिबाने मिळते. अजिंठ्याची लेणी मे महिन्यात पाहिली असतील तर आत शिरताच काय वाटतं ते तुम्हाला सांगायला नको. पण लेण्यांतलाच दुसरा धडा पितळखोऱ्याला आहे, तिथे दगडात पाणी मुरून मुरून किती भाग ढासळलाय. म्हणून घराच्या वरच्या अंगाला, भिंतीपासून १०-१२ फूट लांब, आडवी चारी काढा म्हणजे डोंगराचं पाणी घरापर्यंत येणारच नाही. मागच्या खोलीला छतातून उंच वायुवीजन द्या, पुढून हवा येईल आणि वरून निघेल. जुलैमध्ये त्या खोलीत कूलर लावू नका आणि मागच्या भिंतीला कपाट चिकटवू नका, पावसाळ्याची दमट हवा गार भिंतीजवळ अजून ओली होते, बिबड्या-पापडाच्या डब्यांना आठवड्यात बुरशी धरते. भिंत आणि कपाटात ४ बोटं जागा ठेवली तरी पुरतं.

प्रश्न: भुसावळला दुसऱ्या मजल्यावर राहते, भाड्याचं घर. जमिनीखाली जाणं आमच्या नशिबात नाही, काही उपाय?

उत्तर: ताई, घरमालकाला विचारून गच्चीला पांढरा रंग द्या, चुना आणि फेविकॉल मिसळून दिला तरी एक उन्हाळा निघतो. पश्चिमेच्या खिडकीला पडदा आतून नको, बाहेरून तट्ट्या बांधा, ऊन काचेच्या आत आल्यावर अडवून उपयोग नसतो. कूलर लावाल तेव्हा समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा.

प्रश्न: धुळ्याला आमच्या घराखालच्या गोदामाची भिंत दर पावसाळ्यात पाझरते. आतून तीनदा केमिकल मारलं, पुन्हा तेच.

उत्तर: दादा, पाणी बाहेरून ढकलतंय आणि तुम्ही आतून अडवताय, ते पापुद्र्यासारखं सुटणारच. ओल आधी कुठून सुरू होते ते खडूने आखून तारीख टाका. राफ्ट आणि भिंतीच्या सांध्यातून येत असेल तर वॉटरस्टॉप पट्टी (सांध्यात पाणी अडवणारी पट्टी) घातलेली नाही असं समजा, तिथे इंजेक्शन ग्राउटिंग, म्हणजे सांध्यात दाबाने भरण, करता येतं. शटरिंगच्या बोल्टांच्या भोकांतून गोल डाग उमटत असतील तर काम सोपं आहे, भोक उकरून नॉन-श्रिंक (न आकसणाऱ्या) ग्राउटने भरा. पण तुमच्या फोटोत छपराचा पन्हळाचा पाईप त्याच भिंतीच्या पायथ्याशी रिकामा होताना दिसतोय. आधी तो पाईप १५ फूट लांब नेऊन गटारीत सोडा, एक पाऊस जाऊ द्या आणि खडूच्या रेषेचा फोटो परत पाठवा.