बैल आधी, भिंत मागून

प्रश्न : पोळ्याच्या दिवशी आमच्या पारोळ्याच्या किल्ल्यापुढे सजवलेला बैल उभा होता. वहीत पेन्सिलीने उतरवला. बैल जमलाय, पण मागच्या दरवाज्याचे दगड त्याच्या पोटातून आरपार दिसतात. शिवाय बैल थेट कमानीएवढा झालाय. खोडून नीट करू, की पानच फाडू?
– एक वाचक भगिनी, पारोळा

उत्तर : ताई, खोडरबर आधी लांब ठेवा. सावद्याच्या गुरांच्या बाजारात एका बैलाचं वशिंड मी इतक्यांदा खोडलं, की कागदाला भोक पडलं. तोवर बैल विकला जाऊन गेलासुद्धा!

फ्रान्सचा चित्रकार युजेन देलाक्र्वा 1832 साली एका शिष्टमंडळाबरोबर मोरोक्कोला गेला होता. त्या प्रवासातल्या त्याच्या वह्यांत घोडे, दरवाजे, माणसांचे पेहराव असं सगळं दाटीवाटीने येतं, आणि मधल्या मोकळ्या जागेत कुठे कोणता रंग होता याची बारीक अक्षरातली टिपणं. पान नेटकं दिसावं ही हौस त्याला नव्हतीच. त्या मार्चमध्ये मेक्नेसला सुलतान घोड्यावरून बाहेर आला, तो प्रसंग त्याने पाहिला आणि टिपून ठेवला. त्यावरचं मोठं तैलचित्र आलं 1845 साली, म्हणजे तेरा वर्षांनी. पुढे घोड्यावर सुलतान, मागे शहराचा तट. तुमचाच विषय की!

आरपार रेषांचं म्हणाल, तर तुम्ही दरवाजा आधी काढलात, एवढंच. बैल शेपटी हलवेल, मान वळवेल, चालू लागेल. तट कुठे जातोय? पुढच्या वेळी जनावर आधी.

आता उंची. बैल जवळ असेल तर कमानीएवढा दिसणं चूक नाहीच. सपाट जागी उभं राहून काढलं असेल, तर तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर कागदावर एक हलकी आडवी रेघ मारा. दरवाज्यात कोणी तुमच्याच उंचीचं उभं असतं, तर त्याचे डोळेही याच रेघेवर आले असते. बैलाची पाठ प्रत्यक्षात तुमच्या खांद्याशी येत असेल, तर कागदावर ती या रेघेच्या जरा खालीच हवी. वर गेली असेल, तर बैल फुगलाय.

आणि शिंगांना हिंगूळ होता की ऑइलपेंट, झूल कुठल्या रंगाची, ऊन कुठल्या बाजूने, हे आठवतंय तोवर आजच बैलाशेजारी लिहून टाका. वही मात्र पोस्टाने पाठवू नका. मोबाइलवर फोटो काढून पाठवा. मला त्या बैलाचा डोळा बघायचाय.