मुलीच्या शिक्षणाचे पैसे माझ्या ऑपरेशनला?

प्रश्न : वय ४३, सांगलीत पतसंस्थेत नोकरी, हातात ३८ हजार येतात. उंची १५६ सेंमी, वजन ९३ किलो. आठ वर्षं मधुमेह, तीन गोळ्या घेऊनही एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ९.१. झोपेत घोरते, दिवसा पेंग येते. डॉक्टरांनी स्लीव्ह ऑपरेशन (वजन कमी व्हावं म्हणून जठराचा मोठा भाग काढण्याचं) सुचवलंय. हॉस्पिटलचं पॅकेज ३ लाख ६० हजारांचं, या महिनाअखेरपर्यंत ३० हजारांची सूट. एफडी २ लाख २० हजार, मुलीच्या शिक्षणासाठी म्युच्युअल फंडात ३ लाख १० हजार. ती यंदा अकरावीला आहे. २५ लाखांची टर्म पॉलिसी (आयुर्विमा) आहे. पाच लाखांची फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराची मिळून असलेली आरोग्य पॉलिसी घेऊन दोन वर्षं आठ महिने झाले, पण हॉस्पिटलच्या काउन्सेलर म्हणाल्या की विमा मिळत नाही. घरचे म्हणतात, तोंडावर ताबा ठेव, फुकटात होईल. भूल दिल्यावर उठलेच नाही तर, ही भीती वेगळीच. स्वतःच्या अंगावर एवढा पैसा घालणं बरोबर आहे का?

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पत्रातला खरा सल तोच वाटला. हेच ऑपरेशन तुमच्या यजमानांना सांगितलं असतं तर तुम्ही पैसे मोजत बसला असतात का? तुमच्या उंचीला ९३ किलो म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३८ च्या पुढे, आणि सोबत औषधांना दाद न देणारी साखर. हा आजार आहे. त्यावर खर्च करणं चैन नाही, आणि त्यासाठी कुणाची परवानगी मागायची गरज नाही.

ऑपरेशन कराच, असं मी म्हणू शकत नाही. तो निर्णय तुमचा आणि सर्जनचा. पण करणार असाल तर या महिन्यात, या पैशांतून करू नका.

विमा मिळत नाही हे सरसकट खरं नाही. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या शब्दांनुसार बीएमआय ४० किंवा जास्त असेल, अथवा ३५ किंवा जास्त असून अनियंत्रित टाइप-२ मधुमेह, झोपेत श्वास अडकवणारा तीव्र स्लीप अ‍ॅप्निया किंवा हृदयविकारासारखा त्रास असेल आणि साधे उपाय करून झाले असतील, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेली ही शस्त्रक्रिया पॉलिसीत बसू शकते. तुम्ही दुसऱ्या गटात येता. अडचण प्रतीक्षाकाळाची, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर दावा करता न येणाऱ्या सुरुवातीच्या काळाची. आधीपासूनच्या आजारांसाठी तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो, आणि तुमची तीन वर्षं चार महिन्यांनी भरतात. तीस हजारांच्या सुटीपायी तीन लाखांचा हक्क सोडू नका. दोन गोष्टी मात्र आजच बघा : पॉलिसीत या शस्त्रक्रियेसाठी वेगळी अट आहे का, आणि विमा घेताना भरलेल्या प्रपोजल फॉर्ममध्ये मधुमेह लिहिला होता का. लिहिला नसेल तर दावा अडकू शकतो; मग पुढचं पाऊल टाकण्याआधी मला कळवा. आणि थांबणं तब्येतीला परवडेल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. ते नाही म्हणाले तर माझं गणित बाजूला ठेवा.

हे चार महिने वाया जाणार नाहीत. झोपेत घोरता, दिवसा पेंग येते, असं तुम्ही लिहिलंय. स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, करून घ्या. तीव्र अ‍ॅप्निया निघाला तर दाव्याला बळ मिळेल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे भूलतज्ज्ञांना ते आधी कळेल, म्हणजे तुमच्या त्या भीतीवर काहीतरी प्रत्यक्ष काम होईल. आहारतज्ज्ञांचे कागद, जुने एचबीएवनसीचे रिपोर्ट, गोळ्यांच्या चिठ्ठ्या तारखेनुसार एका फाइलीत लावा. 'साधे उपाय करून झाले' हे कंपनीला कागदावरच दाखवावं लागतं. मग हॉस्पिटलच्या टीपीए डेस्ककडून, म्हणजे विम्याचे दावे बघणाऱ्या खिडकीवरून, कॅशलेसची पूर्वपरवानगी मागा. नकार आला तर कारण लेखी घ्या. आधी कंपनीकडे तक्रार, तीस दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. तिथे फी लागत नाही.

खोलीभाड्याची मर्यादाही वाचा. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर फक्त भाड्यातला फरक नाही, डॉक्टरांच्या फीसारखे बिलातले इतर भागही त्या प्रमाणात कापले जातात. इथे भले भले फसतात.

स्वतःच्या खिशातून करण्यात आणखी एक धोका आहे. पुढे टाक्यांतून गळती झाली किंवा पुन्हा भरती व्हावं लागलं, तर मूळ ऑपरेशन पॉलिसीबाहेरचं म्हणून कंपनी तो दावाही अडवू शकते. कर्जाचंही सांगते : ३ लाख ६० हजार, १४ टक्के, तीन वर्षं म्हणजे महिना सुमारे १२,३०० चा हप्ता आणि जवळपास ८३ हजार व्याज. पगाराचा तिसरा हिस्सा. नको.

मधुमेह जाईल, गोळ्यांचा खर्च वाचेल, हे हिशेबात धरू नका. ऑपरेशन आणि औषधं यांची तुलना करणाऱ्या अमेरिकेतल्या स्टॅम्पीड चाचणीत स्लीव्ह केलेल्यांपैकी पाच वर्षांनी एचबीएवनसी सहा किंवा त्याखाली असलेले शंभरात २३ होते. नुसत्या औषधांवर पाच. फरक मोठा आहे, पण हमी नाही. उलट बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि रक्ततपासण्या पुढे कायमच्या. पहिल्या वर्षी प्रोटीन पावडरसकट महिना दोन-अडीच हजार धरून चला. सैल त्वचेची शस्त्रक्रिया सहसा कॉस्मेटिक ठरते, तिला विमा नाही.

म्हणून एफडीतले एक लाख ऑपरेशनसाठी बाजूला काढा : कापले जाणारे पैसे, सुट्टीतला तोटा, औषधं. उरलेले घरच्या अडीअडचणीला.

मुख्य भीतीबद्दल. अनुभवी केंद्रांत या ऑपरेशनमधला मृत्यूचा धोका साधारण हजारात एक किंवा त्याहून कमी, पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या आसपास मानला जातो. तुमचा स्वतःचा धोका किती, वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, गुंतागुंत झाली तर रात्री कोण हजर असतं, हे सर्जनला थेट विचारा; लाजू नका. आणि 'मला काही झालं तर' या विचाराला घरात जागा द्या. तुमची २५ लाखांची टर्म पॉलिसी चालू आहे. तिचं, एफडीचं, पीएफचं नॉमिनेशन तपासा. कागद कुठे ठेवलेत ते यजमानांना आणि मुलीला दोघांनाही दाखवा. एका संध्याकाळचं काम आहे, आणि ते झाल्यावर बायकांना शांत झोप लागलेली मी पाहिली आहे.

मुलीच्या फंडातला एकही रुपया काढू नका, एसआयपीही थांबवू नका. तिला पैसे दोन वर्षांत लागणार आहेत, तेव्हा पुढच्या महिन्यापासून ती रक्कम थोडी थोडी सुरक्षित फंडात हलवायला घेऊ. पॉलिसी आणि प्रपोजल फॉर्मची प्रत मिळाली की पाठवा.